बिनपायांची माणसं

“पण कुठली रेघ, मास्तर?”

“आधी चप्पल काढ.”

पद्मजानं खाली बघितलं. पुण्याहून बसनं आली ती स्टँडवरून तडक इथं, मिरजेतल्या सतारमेकरांच्या गल्लीत. आणि तशीच चपलेसकट सोप्यात शिरली होती. लहानपणी असं केलं असतं तर मास्तरांनी वर्गाबाहेर बसवलं असतं. तिनं चपला उंबऱ्याबाहेर सोडल्या आणि सोडता सोडताच पुन्हा विचारलं.

“कुठली रेघ चुकली?”

दस्तगीर मास्तर चटईवर मांडी घालून शेंगा फोडत होते. दाणे ताटलीत, टरफलं रद्दी पेपरावर. त्यांनी एक शेंग कानाशी नेऊन हलवली, आत दाणे आहेत की नाहीत ते ऐकलं आणि मग फोडली.

“शेंगा खाणार?”

“मी शेंगा खायला आलेली नाही.”

“बरं,” मास्तर म्हणाले, आणि दाणे स्वतःच्या तोंडात टाकले.

...

दस्तगीर नदाफ हे नाव आताच्या पोरांना सांगून कळायचं नाही. पण एके काळी दिवाळी अंक घरात आला की त्यावरून ओढाओढ व्हायची, आणि ज्याच्या हाती लागेल तो कथा-कविता सोडून आधी दस्तगीरांचं हास्यचित्र कुठल्या पानावर आहे ते बघायचा. मास्तर नगरपालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवत, उन्हाळ्याच्या सुट्टीत हास्यचित्रं काढून संपादकांना पाठवत आणि रविवारी सकाळी याच सोप्यात गल्लीतल्या पोरांचा वर्ग घेत.

पद्मजा शेडबाळकर त्या वर्गातली. सगळ्यांत पुढं बसणारी, आणि मास्तरांनी दुसऱ्याचं चित्र आधी बघितलं तर फुगून बसणारी.

मोठी झाली, पुण्याला गेली, एका जाहिरातीच्या कंपनीत चित्रं काढायला लागली. साबणाचा फेस आणि बिस्किटांच्या कडा काढून जीव विटला, तेव्हा तिनं ‘उलटा पंखा’ सुरू केला.

उलटा पंखा म्हणजे फोनवर बघायची चित्रपट्टी, वेबकॉमिक. दर शुक्रवारी एक. विनोद असले की त्यांना डोकं ना बूड, आणि प्रत्येक पट्टी दुसऱ्याच कुणाच्या तरी हातची वाटावी अशी.

एक जण राजकीय चित्रं काढतो आणि त्यांतल्या प्रत्येक गोष्टीवर तिचं नाव लिहितो. खुर्चीवर ‘सत्ता’, खड्ड्यावर ‘महागाई’. पद्मजानं हुबेहूब त्याच्या हातानं एक गाय काढली. गाईवर ‘गाय’. शेपटीवर ‘शेपूट’. शेवटच्या चौकटीत गाय चित्रकाराच्या पाठीवर ‘चित्रकार’ असं लिहून चरायला निघून जाते.

एक बाई मावळतीचे सूर्य काढून खाली हळव्या ओळी लिहितात. पद्मजाच्या पट्टीतला सूर्य त्यांना म्हणतो, “बाई, ओळ संपली असेल तर मावळू का? तिकडं दुसऱ्या देशात लोक खोळंबलेत.”

एक जण गुरुशिष्यांच्या बोधकथा चितारतो. तिच्या पट्टीत गुरू नाहीच, नुसती दाढी आहे. शिष्य दाढीला प्रश्न विचारतो. दाढी गप्प. शिष्य धन्य होतो, आणि जाताना दाढी गुंडाळून बगलेत मारून घेऊन जातो.

लोक पोट धरून हसत. नक्कल म्हणजे खालच्या पायरीचं काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बसून करून बघावी. ज्याची नक्कल करायची तो माणूस त्याच्या बायकोइतका ओळखावा लागतो. त्याच्यावर जीव असल्याशिवाय ते होत नाही, आणि थोडा दात असल्याशिवायही होत नाही.

गेल्या शुक्रवारी पद्मजानं मास्तरांना घेतलं.

आणि शनिवारी, हजारो लोकांच्या हसण्याखिदळण्याच्या गर्दीत, पट्टीखाली एक साधी ओळ आली: ‘छान. एक रेघ चुकली. — दस्तगीर.’

बाकी कौतुक कुठल्या कुठं गेलं. ती ओळ तेवढी डोळ्यांसमोर राहिली. रविवारी सकाळी ती बसमध्ये बसली होती.

...

“हे बघा.” तिनं पिशवीतून टॅब काढला आणि शेंगांच्या ढिगाशेजारी ठेवला. “दाखवा.”

मास्तरांनी लुंगीला हात पुसले. चष्मा लावला. पट्टी वरपासून खालपर्यंत बघितली, आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

“मांजर हललं…” ते कसंबसं म्हणाले आणि डोळे पुसले.

पट्टी अशी होती. मास्तरांच्या चित्रांत कुणाचेच पाय कधी दिसत नसत. प्रत्येकाच्या घोट्यापाशी काहीतरी आडवं आलेलं असे. बादली, गादीची वळकटी, पडदा, नाहीतर मांजर. पद्मजानं त्याचंच एक गाव केलं. गावात कुणालाच पाय नाहीत, आणि गावात दुकान एकच: चपलांचं. दुकानदार आप्पा.

गिऱ्हाईक येतं. “सात नंबर दाखवा.” आप्पा दाखवतो. “घालून बघा.” गिऱ्हाईक खाली बघतं. खाली मांजर. “हे बसलंय तोवर बघू कसं?” तेवढ्यात मांजर उठतं. गावभर एकच ओरडा, “मांजर हललं! मांजर हललं!” हवालदार बादली घेऊन पळत येतो, गिऱ्हाइकाच्या पुढ्यात ठेवतो, आणि गावाची अब्रू वाचते.

शेवटच्या चौकटीत संध्याकाळ. दुकान रिकामं. आप्पा दोन्ही हातांत चपला घालून बसलाय, आता टाळी वाजवेल असा.

बस्स. अर्थबिर्थ काही नाही.

“मांजराची शेपूट?” पद्मजानं विचारलं.

“नाही.”

“कावळा? तुमचा कावळा नेहमी डावीकडं असतो. मी डावीकडंच काढलाय.”

“कावळा माझ्यापेक्षा बरा आलाय.”

“मग कान?”

“कान माझेच.”

...

शेजारच्या घरात कुणीतरी तंबोऱ्याची तार लावत होतं. तार चढायची, थांबायची, पुन्हा उतरायची. गच्चीवर वाळत टांगलेले भोपळे ओळीनं ऐकत होते.

“मास्तर, मी तुमचे जुने अंक रद्दीवाल्यांकडून शोधून काढले. एकेक चित्र मोठं करून बघितलं. तुमची नाकं वांग्याच्या देठासारखी. बायकांचे अंबाडे चौकटीच्या बाहेर जातात. पुरुषांना बोटं चार. तुमची माणसं कधी हसत नाहीत. तुम्हीच वर्गात सांगायचा, चित्रातला हसला की बघणारा हसत नाही. आणि पाय नाहीत. यातलं काय विसरले मी?”

“काहीच विसरली नाहीस.”

“मग?”

“विसरली नाहीस. चुकलीस.”

पद्मजाला तिचीच दाढी आठवली, प्रश्न गिळून गप्प बसणारी. मास्तरांना दाढी नव्हती. गुळगुळीत हनुवटी होती आणि तिच्यावर दाण्याचं एक लाल साल चिकटलेलं होतं. तरी तिला त्या हनुवटीचा राग आला.

“मास्तर, मला कुणाचाही हात उचलता येतो. कुणाचाही. तुम्ही नाव घ्या, मी काढून दाखवते. मला सगळं जमतं.”

मास्तरांची शेंग अर्धी फुटून बोटांत राहिली.

“सगळं?”

“सगळं.”

“अरेरे…” मास्तर खरोखरीच्या काळजीनं म्हणाले. “कधीपासून?”

...

एवढा वेळ कंबर कसून बसलेली पद्मजा एकदम चटईवर पाय सोडून बसली.

जे सांगायला ती आली नव्हती, तेच मग तिच्या तोंडून बाहेर पडलं.

“एका दिवाळी अंकानं माझ्याकडं बारा पानं मागितली आहेत. सलग बारा पानं, मास्तर. संपादकबाई म्हणाल्या, नक्कल नको, तुमच्या स्वतःच्या हातचं द्या. मी हो म्हणून बसले. त्या तोऱ्यात नोकरी सोडली.”

“चांगलं केलंस.”

“काय चांगलं? कागद पुढ्यात घेते. ह्याच्यासारखं येतं. त्याच्यासारखं येतं. माझ्यासारखं काही येतच नाही. उद्या त्यांना सांगायचंय, पानं देणार की नाही.” ती थांबली. “मी ती दाढी झालेय, मास्तर. मागं कुणी नाही.”

तंबोऱ्याची तार थांबली.

“म्हटलं, स्वतःचं नाही तर नाही, नक्कल तरी बिनचूक येते आपल्याला. पोट भरेल तेवढ्यावर. तर तुम्ही म्हणता, तिथंही चुकली.”

मास्तरांनी ताटली तिच्याकडं सरकवली.

या वेळी तिनं दाणे घेतले.

...

“आली का नकलाकार?”

जैतूनबी चहा घेऊन आल्या. मास्तरांच्या बायको. रविवारच्या वर्गात पोरांच्या हातात बिस्किटं ठेवायच्या, आणि चित्रं बघून तोंडावर सांगायच्या की ही म्हैस आहे का मोटार.

“चाची, तुम्ही पट्टी बघितली?”

“बघितली म्हणजे? शेजारच्या इरफाननं फोनवर दाखवली. हे इतके हसले, इतके हसले, की कवळी चहात पडली. काढली, धुतली, घातली आणि पुन्हा हसायला लागले. मी म्हटलं, आता त्या पोरीला काहीतरी लिहा तरी. तर लिहिलं काय, रेघ चुकली! कौतुकाचं तोंडच नाही ह्या माणसाला.”

“छान पण लिहिलं होतं,” मास्तर म्हणाले.

“हो, फार झालं.” जैतूनबींनी कप पद्मजाच्या हातात दिला. “मला तर बाई बरं वाटलं. कुणीतरी एकदाचं पायांबद्दल बोललं.”

“जैतून.”

“काय जैतून? पोरीला सांगितलं नाही वाटतं अजून?”

“चहा निवतोय.”

“निवू दे.” त्या पद्मजासमोर ऐसपैस बसल्या. “अगं, ह्यांना पाय येत नाहीत.”

पद्मजाला वाटलं, मास्तरांच्या गुडघ्यांचं काही आहे.

“दुखतात?”

“दुखायला काय झालंय! काढता येत नाहीत. चित्रात. कधीच आले नाहीत. लग्न झालं तेव्हा मला स्टुलावर बसवायचे, पाय पुढं करून. मी बसलेय आपली, तिकडं चुलीवर आमटी आटतेय. आणि काढलं काय? बटाटे! दोन बटाटे, आणि त्यांना बोटं फुटलेली. मी म्हटलं, हे माझे पाय असतील तर मला चालवू नका, उकडायला घाला.”

“बटाटे चांगले आले होते,” मास्तर म्हणाले.

“तेव्हापासून तिथं मांजर बसवतात.”

पद्मजा एकदा चाचींकडं बघत होती, एकदा मास्तरांकडं.

“पण… पण मास्तर, तो लेख? तुमच्या सत्कारात त्या प्राध्यापकांनी वाचला होता तो? मी पहिल्या रांगेत होते. ‘दस्तगीरांच्या माणसांना पाय नसणं ही जमिनीपासून तुटलेल्या मध्यमवर्गाची शोकांतिका आहे.’ मी पाठ केलं होतं ते!”

“चांगला लेख होता. मलाही पटला.”

“तुम्ही त्यावर काय बोललात?”

“शाल घेतली. नारळ घेतला.”

पद्मजाच्या नाकात चहा गेला. ती खोकायला लागली, खोकता खोकता हसायला लागली, आणि मग तिला थांबताच येईना. कप खाली ठेवून ती चटईवर आडवी झाली. ती शाल, तो नारळ, ते गंभीर झालेले श्रोते, आणि स्टुलावर पाय पुढं करून बसलेली नवी नवरी. एवढी मोठी पट्टी तिला आयुष्यात सुचली नव्हती.

“म्हणजे ती सगळी मांजरं…”

“पाय झाकायला,” जैतूनबी म्हणाल्या.

“बादल्या…”

“पाय झाकायला.”

“मला मेलीला वाटायचं, काय शैली आहे!”

“हां, मांजरं तेवढी सुरेख काढतात. सवयीनं.”

मास्तर शांतपणे चहा पीत होते. लाजलेले दिसत नव्हते. आपल्या घरच्या आंब्याला पाड लागला असं कुणी सांगावं आणि ऐकणाऱ्यानं मान हलवावी, तसे ते मान हलवत होते.

...

हसू ओसरलं.

पद्मजानं टॅब पुन्हा मांडीवर घेतला. नाक, कान, कावळा हे तिनं बघितलंच नाही. ते सगळं मास्तरांचं होतं आणि बरोबर होतं. तिनं शेवटची चौकट मोठी केली. अजून मोठी. हातांत चपला घातलेला आप्पा पडदाभर झाला.

तोंड सरळ होतं. मास्तर काढतात तसंच, एका फटकाऱ्याचं, कडू.

पण डोळ्याच्या कोपऱ्याला एक बारीक रेघ होती.

“आप्पा हसतोय,” पद्मजा म्हणाली.

मास्तरांनी कप खाली ठेवला.

“तुमची माणसं हसत नाहीत. मी एवढं पाठ करून… ही कधी काढली मी? मला आठवतसुद्धा नाही.”

मास्तरांनी एक शेंग कानाशी नेऊन हलवली.

“थांबा, पुसते. आत्ता दुरुस्त करते.”

तिनं पेन काढलं. मास्तरांनी हात आडवा केला.

“तिथं नको. तिथं पुसलेलं दिसत नाही.” त्यांनी मागच्या फळीवरून टाक, दौत आणि कागदाची चवड काढून तिच्यापुढं ठेवली. “इथं काढ. आख्खा आप्पा. माझ्या हातचा. कडू.”

पद्मजाला हायसं वाटलं. हे तिच्या घरचंच काम होतं. टाक बुडवला, काठाला निथळला आणि दोन मिनिटांत आप्पा उभा केला. नाक वांग्याचं देठ. कान कपाचा. तोंड कडू.

जैतूनबींनी मान वाकडी करून बघितलं.

“हा तर मला ‘जेवून जा’ म्हणतोय.”

पद्मजानं दुसरा कागद ओढला. भुवया खाली ओढल्या, कपाळावर आठ्या घातल्या.

“हा नातवाला रागे भरतोय. पण मनात नाही.”

तिसरा कागद. डोळेच नकोत म्हणून तिनं चष्मा घातला, भिंगं काळीभोर केली.

“अरे देवा. बिचाऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं दिसतंय. काही खाल्लं का ह्यानं?”

“चाची, तुम्ही जरा गप्प बसा!”

“बसते.”

मग पद्मजानं आप्पाला पाठमोरा बसवला. नुसती पाठ, मान आणि टोपी. यात कुणाला काय हसू दिसणार? तिनं कागद चटईवर टाकला.

जैतूनबी गप्प बसल्या होत्या. पण त्यांचा चेहरा विरघळला तो काही लपला नाही.

“मागनंसुद्धा चांगलाच दिसतो गं,” त्या हळूच म्हणाल्या.

ऊन सोप्यातून उंबऱ्यावर आणि उंबऱ्यावरून तिच्या चपलांवर गेलं. चटईभर आप्पा पसरले. उभे आप्पा, बसलेले आप्पा, दात खाणारे आप्पा. सगळे दुष्ट व्हायचा मनापासून प्रयत्न करत होते, आणि एकालाही ते साधत नव्हतं. पद्मजाची बोटं शाईनं काळी झाली. कपाळही झालं.

शेवटी तिनं टाक आपटला.

“येत नाही! मला हा म्हातारा वाईट काढताच येत नाही, मास्तर! काही केलं तरी येत नाही!”

आणि बोलता बोलताच तिला स्वतःचं मघाचं ‘सगळं जमतं’ आठवलं.

...

तिनं शाईच्या बोटांनीच टॅब उचलला. जुन्या पट्ट्या एकेक करत मागं सरकवायला लागली.

‘चित्रकार’ लिहून निघालेली गाय. तिनं गाईचा डोळा मोठा करून बघितला.

खोळंबलेला सूर्य. त्याचाही बघितला. दोघांच्याही डोळ्याच्या कोपऱ्याला तीच बारीक रेघ.

मग दाढी. दाढीला डोळा नव्हता, तोंड नव्हतं, काहीच नव्हतं. शिष्याच्या बगलेत गुंडाळी होऊन निघालेली ती नुसती दाढी. पद्मजा तिच्याकडं बघत राहिली. त्या गुंडाळीला कुणाच्या तरी बगलेत बरं वाटत होतं, हे आंधळ्यालासुद्धा दिसलं असतं.

तिनं टॅब मिटला.

मास्तर गुडघ्यांवर हात टेकून पुढं झाले. पसाऱ्यातून त्यांनी एक आप्पा निवडला. उभा होता. रागाच्या भरात पद्मजा त्याच्या घोट्यांपाशी मांजर बसवायला विसरली होती. घोट्याखाली नुसता कोरा कागद.

मास्तरांनी तो आप्पा चटईवर नीट पसरला. रद्दी पेपरावरून शेंगेची दोन टरफलं उचलली. फुंकर मारून साफ केली. एक डाव्या घोट्याखाली ठेवलं, एक उजव्या. मान मागं घेऊन बघितलं. मग बोटानं दोन्ही टरफलांची टोकं जराशी बाहेर फिरवली.

तिघंही बघत बसली.

आप्पा उभा होता. पक्का उभा होता. कुठंतरी निघालाय आणि कुणाचं तरी बरं करून येणार आहे, असा.

“या अल्ला,” जैतूनबी म्हणाल्या. “आले की हो पाय!”

आणि मास्तर हसले. मोठ्यांदा, कवळी सांभाळत.

...

निघताना जैतूनबींनी उरलेल्या शेंगा पिशवीत घातल्या. पद्मजानं सगळे आप्पा गोळा केले, शाई वाळली आहे ना ते बघून एकावर एक रचले.

“मग त्या बारा पानांचं काय करतेस?” जैतूनबींनी विचारलं.

“देते.”

“कुणासारखी?”

पद्मजानं चवड छातीशी धरली. वरच्या कागदावरचा आप्पा ‘जेवून जा’ म्हणत होता.

“त्यांना सांगते, चपलांच्या दुकानापासून सुरू होतील म्हणून.”

ती उंबऱ्याबाहेर आली. चपला सरकवल्या. गल्लीत भोपळ्यांच्या सावल्या लांब झाल्या होत्या आणि शेजारची तार आता लागली होती. दोन पावलं गेली आणि थांबली. स्वभाव तो स्वभाव. इतकं सगळं झालं तरी एक गोष्ट तिला टोचतच होती.

“पण मास्तर, शुक्रवारची ती पट्टी मी तुमची नक्कल म्हणून टाकलीय. नक्कल म्हटल्यावर बिनचूकच हवी. ती रेघ तेवढी मी पुसून टाकते.”

मास्तर दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांनी तिच्या पायांकडं बघितलं. चपलांकडं, अंगठ्यांकडं, टाचांकडं. बराच वेळ बघितलं, जसं काही काढायचेच आहेत.

“मला पाय आले असते, पद्मे,” ते म्हणाले, “तर तू नक्कल कुणाची केली असतीस?”